आईबरोबर कोयासानला: पासपोर्टपासून पहाटेच्या होमापर्यंत

कोयासान हे नाव आमच्या घरात आलं सप्टेंबर २०१५ मध्ये. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्यासाठी जपानला गेले होते. आईने ती बातमी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, आणि "एकदा पाहून येऊ" हे तेव्हापासून सुरू झालं. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. माझी बदली झाली, मग कोविड आला, मग तिचा गुडघा धरला. २०२४ च्या मार्चमध्ये ती म्हणाली, "गुडघा बरा व्हायची वाट पाहिली तर कात्रणच पाहत बसावं लागेल." तेव्हा ठरलं.

जाऊन आल्यावर विहारातल्या बायकांनी, बँकेतल्या लोकांनी, लांबच्या नातेवाइकांनी इतकं विचारलं की सगळं एकदाचं लिहूनच काढते. आई ६९ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. मी बँकेत. दोघी नागपूरच्या. जपानीचं एक अक्षर आम्हाला कळत नाही, आणि त्यावाचून फारसं अडलंही नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कोयासान ओसाकाच्या दक्षिणेला, वाकायामा प्रांतात आहे. सुमारे ८०० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या पठारावर एक गाव आहे आणि ते अख्खं गावच मंदिरसंकुल आहे. कुकाई नावाच्या भिक्खूला ८१६ साली सम्राटाने ही जागा दिली. आज तिथे शंभराहून अधिक मंदिरं आहेत आणि त्यांतली पन्नासेक मंदिरं प्रवाशांना मुक्कामाला ठेवतात. अशा मुक्कामाला शुकुबो म्हणतात. २००४ पासून हा परिसर जागतिक वारसा यादीत आहे.

सगळ्यात जास्त दमछाक जपानात झाली नाही, नागपुरात झाली. आईचा पासपोर्टच नव्हता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पेन्शनच्या कागदांवर सासरचंच, पण इंग्रजी स्पेलिंग वेगळं. आधी पेन्शनचं आणि आधारचं स्पेलिंग एक करून घेतलं, त्यात दीड महिना गेला. लग्नाची नोंदणी १९७८ साली आमच्याकडे कोण करत होतं! शेवटी ट्रंकेच्या तळाशी राजपत्राची प्रत सापडली. नोकरीत असताना आईने नाव बदलाची जाहिरात राजपत्रात दिली होती. घडीवर फाटलेला तो पिवळा कागद पासपोर्ट सेवा केंद्रात सगळ्यांत उपयोगी पडला. तुमच्या घरात कोणी जुन्या सरकारी नोकरीतलं असेल तर हा कागद आधी शोधा.

साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये. साठीच्या वरच्यांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट असल्यामुळे आईचे १,३५० लागले. केंद्रात ए, बी, सी अशा तीन खिडक्या ओळीने पार करायच्या असतात. ज्येष्ठांना फार ताटकळत ठेवलं नाही. पोलिस पडताळणीसाठी ठाण्यात बोलावलं, ओळखीच्या दोघांच्या सह्या मागितल्या. ज्या हवालदारांनी कागद पाहिले त्यांनी "या वयात जपान कशाला?" असं विचारलं, आणि आईने त्यांना पुतळ्याची पूर्ण गोष्ट सांगितली. पुस्तिका जूनच्या सुरुवातीला स्पीड पोस्टने आली.

मग तारखा. शरदातले रंग कोयासानला क्योतोच्या आधी येतात, कारण उंची. साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत. क्योतो रंगायला नोव्हेंबर संपत येतो. दसरा १२ ऑक्टोबरला होता. त्या दिवसांत दीक्षाभूमीवर येणाऱ्यांसाठी आमच्या विहाराचं अन्नदान असतं, ते सोडून आई कुठे येणार नव्हती. ३ नोव्हेंबरला जपानात सांस्कृतिक दिनाची सुट्टी असते, आणि तो रविवारी आल्यामुळे सोमवारीही सुट्टी. ती गर्दी टाळून ७ आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री धरल्या.

शुकुबोचं आरक्षण मी जूनमध्येच केलं. शरदातल्या खोल्या लवकर जातात, त्यामुळे ऑगस्टपर्यंत थांबू नका. रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरून माणशी साधारण १२,००० येनपासून पुढे दर होते. आम्ही घेतलेली खोली माणशी १६,५०० येनची होती. त्या सुमाराला १०० येनला ५५ रुपये पडत होते, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. ई-मेलमध्ये मी तीन गोष्टी विचारल्या: खोली तळमजल्यावर मिळेल का, सकाळच्या प्रार्थनेला खुर्ची मिळेल का, आणि पैसे रोख द्यायचे की कार्ड चालेल. दोन दिवसांत उत्तर आलं. पहिल्या दोन्हींना हो, आणि शक्यतो रोख आणा. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका, कारण तिथे सगळा व्यवहार जमिनीवर बसून चालतो.

व्हिसाचा अर्ज सप्टेंबरमध्ये. दादा ठाण्याला राहतो, म्हणून विदर्भ एक्स्प्रेसने जाऊन मुंबईच्या केंद्रात कागद दिले. अर्ज, फोटो, विमानाचं आरक्षण, रोज कुठे असणार आणि कुठे राहणार याचा तक्ता, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, माझ्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र. आईसाठी पेन्शनचा कागद, मी तिचा खर्च करणार असल्याचं पत्र आणि नात्याचा पुरावा. व्हिसाचं शुल्क तेव्हा किरकोळ होतं, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क त्याहून जास्त. मुलाखत वगैरे काही नाही. आठवड्याभरात ई-मेल आला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एप्रिल २०२४ पासून पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो, पासपोर्टवर चिकटवलेला कागद नाही. विमानतळावर तो व्हिसा फोनवर, इंटरनेट चालू ठेवून, त्यांच्या संकेतस्थळावरूनच दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा छापील प्रत चालत नाही. म्हणजे वयस्कर माणूस एकटं जाणार असेल तर त्याच्या फोनमध्ये नेट हवं आणि ते पान उघडता यायला हवं. आईला मी आठवडाभर रोज रात्री जेवणानंतर ते उघडायला लावत होते. शिक्षिकेची परीक्षा घ्यायचं सुख वेगळंच.

औषधांचंही पाहून घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती नेता येतात, चिठ्ठी सोबत ठेवायची. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते ठरावीक प्रमाणाच्या वर जपानात चालत नाही. आईच्या डब्यातल्या अर्ध्या गोळ्या मी घरीच काढून ठेवल्या.

५ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईहून बँकॉकमार्गे निघालो, ६ तारखेला दुपारनंतर ओसाकाच्या कान्साई विमानतळावर. 'व्हिजिट जपान वेब'वर आधीच माहिती भरून क्यूआर कोड घेतला होता, त्यामुळे फॉर्म भरत बसावं लागलं नाही. आईच्या बोटांचे ठसे यंत्राला लवकर उमटेनात. चौतीस वर्षं खडू धरून झिजलेली बोटं. अधिकारी बाईंनी ओल्या फडक्याने तिची बोटं पुसली, हळूच दाबून धरली, मग उमटले. विमानतळावरून नानकाई रेल्वेने नाम्बाला आलो, ९७० येन, आणि स्टेशनजवळच्या हॉटेलात झोपलो.

७ तारखेला मोठ्या बॅगा त्याच हॉटेलात ठेवल्या. बहुतेक हॉटेलं परत मुक्कामाला येणाऱ्यांच्या बॅगा ठेवून घेतात. डोंगरावर नेताना पाठीवर मावेल एवढंच न्या. नाम्बाहून कोयासानला दोन प्रकारे जाता येतं. साध्या गाडीने हाशिमोतोला उतरून गाडी बदलायची, नाहीतर आरक्षित आसनांच्या गाडीने थेट गोकुराकुबाशीला. आईमुळे थेट गाडी घेतली. पुढच्या केबल कारसकट माणशी दोन हजार येनच्या थोडं वर गेले.

हाशिमोतोपर्यंत नुसती शहरं आहेत. त्यानंतर गाडी डोंगरात शिरते, चाकं वळणावर किंचाळतात, वेग सायकलइतका होतो. रुळांच्या कडेला पर्सिमनची झाडं होती. पानं गळून गेलेली, आणि काळ्या फांद्यांना नुसती केशरी फळं. वाकायामा पर्सिमनमध्ये जपानात पहिला, आणि संत्र्यांमध्येही. संत्र्यांच्या बागा दिसल्यावर आई खिडकीला नाक लावून बसली. "आपला आंबिया बहार पण आताच ना?" आदल्या संध्याकाळी नाम्बाला घेतलेली संत्री तिने पिशवीतून काढली. साल सैल, बी नाही, गोड. तिने दोन खाल्ली आणि निकाल दिला: "गोड आहेत, पण आपल्यासारखा आंबटपणा नाही." नागपूरकर याहून जास्त कबूल करणार नाही.

गोकुराकुबाशीहून केबल कार पाच मिनिटांत वर नेते. वरच्या स्टेशनातून गावाकडे जाणारा पहिला रस्ता फक्त बसचा आहे, त्यावर चालता येत नाही. बस पहिल्यांदा थांबते न्योनिन्दोला, म्हणजे बायकांच्या देवळाशी. बहुतेक लोक इथे उतरत नाहीत. आम्ही उतरलो, कारण आईने त्याबद्दल आधीच वाचलं होतं. १८७२ पर्यंत कोयासानच्या आत बायकांना प्रवेश नव्हता. वर येणाऱ्या सात वाटांवर सात ठिकाणी त्यांच्यासाठी अशी देवळं होती, तिथून पुढे पाऊल टाकायचं नाही. हात जोडायचे, आणि हवं तर डोंगराच्या कडेकडेने चालत आतल्या मंदिरांकडे लांबून बघायचं. सातांपैकी हे एकच उरलं आहे. लाकडी, अंधारं, छोटं. आई उंबऱ्याशी बराच वेळ उभी होती. "म्हणजे काळाराम इथे पण होता," ती म्हणाली, आणि पुढची बस येईपर्यंत काही बोलली नाही.

शुकुबोत शिरताना बूट काढून सपाता घालायच्या. गवती चटयांच्या खोलीत सपाताही बाहेर ठेवायच्या. संडासाच्या सपाता वेगळ्या, त्या तिथेच सोडून यायच्या. हे पहिल्या तासात अंगवळणी पडतं. एका तरुण भिक्खूने खोली दाखवली, चहा ठेवला, जेवण साडेपाचला, स्नानगृह नऊपर्यंत, सकाळची प्रार्थना सहाला असं फोनवरच्या भाषांतरातून सांगितलं. भिंती कागदी असल्यामुळे शेजारच्या जोडप्याचं कुजबुजणंही ऐकू येतं. खोलीत खाली हीटर बसवलेलं आणि वर जाड रजई घातलेलं बुटकं टेबल होतं, त्यात पाय घालून बसायचं. हे टेबल नसतं तर आमचं काही खरं नव्हतं. त्याच सकाळी टीव्हीवर फुजीच्या शिखरावर मोसमातला पहिला बर्फ दिसल्याची बातमी होती. नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या १३० वर्षांत तो एवढ्या उशिरा कधीच पडला नव्हता. उन्हाळा लांबलेला, आणि थंडी मात्र नेमकी आमच्या मुहूर्तावर एका दिवसात आली. थर्मल, मोजे, कानटोपी न्याच. खोली गरम असते, पण लाकडी व्हरांडे बर्फासारखे.

स्नान सामायिक असतं आणि अंगावर काही ठेवायचं नसतं. आई "नाही" म्हणाली आणि तो विषय तिथेच संपला. तुमच्याही घरी असं उत्तर येणार असेल तर खोलीला लागून न्हाणीघर असलेला शुकुबो शोधा. पैसे जास्त पडतात.

जेवणात मांस, मासे, अंडं नाही. कांदा-लसूणही नाही. जपानात इतरत्र साध्या भाजीच्या रश्श्यातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, त्यामुळे शाकाहारी लोकांना प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं. इथे समुद्री शेवाळ आणि मशरूमचा रस वापरतात, काही विचारावं लागत नाही. आम्ही दोघी सावजी रश्श्यावर वाढलेल्या, पण शाकाहारी वाचकांसाठी ही बातमी मोठी आहे म्हणून सांगते. प्रत्येकीपुढे लाल लाखेची बुटकी तबकं आली. त्यात तिळाची आणि कुझू नावाच्या कंदाच्या पिठाची खरवसाच्या वडीसारखी वडी होती. गोठवून सुकवलेलं आणि गोडसर रसात शिजवलेलं टोफू होतं, ते याच डोंगराच्या नावाने ओळखलं जातं. भोपळ्याची आणि मिरचीची भजी, लोणचं, भात, पारदर्शक सूप आणि पर्सिमनची एक फोड. आईने टोफूचा तुकडा चावला तसा रस तोंडभर झाला आणि ती हसायला लागली. एकूण जेवण तिला आळणी वाटलं. "जवसाची चटणी काढू का?" तिने हळूच विचारलं. चटणीत लसूण होता. डबा बॅगेतच राहिला.

पहाटे सहा. मुख्य सभागृहात मिणमिणते दिवे, सोनेरी झुंबरं, रॉकेलची एक शेगडी, आणि मागच्या ओळीत आईसाठी खुर्ची मांडलेली. तीन भिक्खूंनी म्हणायला सुरुवात केली. आवाज छातीतून येतो, मध्येच झांज. अर्धाएक तास. मध्ये पाहुण्यांनी एकेकाने पुढे जाऊन धूपाची चिमूट तीनदा निखाऱ्यावर सोडायची. शेवटी प्रज्ञापारमिता हृदयसूत्र आलं, आणि "ग्यातेइ ग्यातेइ" ऐकून आईने मान वर केली. गते गते पारगते हे तिला पाठ आहे.

त्यानंतर शेजारच्या दालनात होम. हो, होमच. समोर ज्वाळांच्या प्रभावळीतला, उग्र चेहऱ्याचा अचलनाथ. पुजारी चौकोनी वेदीत समिधांसारख्या काड्या रचतो, तेल सोडतो, ज्वाळा छतापर्यंत जाते, बाजूला ढोल. पाहायला ते विलक्षण आहे, हे मान्य करते. पण आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या. बुद्धाच्या नावाने चाललेला होम पाहून आईचा चेहरा आक्रसला. ती उठून गेली नाही. संपल्यावर तिने त्या तरुण भिक्खूला गाठलं आणि माझ्या फोनवर मराठीत विचारलं, "बुद्ध यज्ञाच्या विरुद्ध होते. मग तुम्ही हे का करता?" फोनने त्याचं काय केलं कोण जाणे, पण त्याला प्रश्न कळला. थोडा विचार करून तो बोलला: लाकडं म्हणजे आपली हाव आणि राग, अग्नी म्हणजे ज्ञान, त्यात ती जाळायची. आईने दोनदा वाचलं. मग मला म्हणाली, "उत्तर मुद्देसूद आहे. मला पटलं नाही." त्याला मात्र तिने वाकून नमस्कार केला.

नाश्त्याला मी तिला वाचलेलं सांगितलं. कुकाई ८०४ साली चीनला गेला, चांगआनमध्ये हुइगुओ या गुरूकडे वज्रयान शिकला, प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्खूकडे संस्कृत शिकला. म्हणजे आपल्याकडच्या शेवटच्या शतकांतला, मंत्र-तंत्र आणि देवता घेतलेला बौद्ध धम्म तिकडून इथे आला आणि टिकला. शिंगोनवाले, म्हणजे कुकाईच्या पंथाचे लोक, आपल्या परंपरेत नागार्जुनाला धरतात, आणि रामटेकच्या डोंगरावर नागार्जुनाचं नाव आपण लहानपणापासून ऐकतो. आई म्हणाली, "असेल. बाबासाहेबांनी आपल्याला निवडून दिलं तेवढं मला पुरे."

ओकुनोइन, म्हणजे कुकाईची समाधी आणि तिच्याकडे जाणारं कब्रस्तान, ही कोयासानची मुख्य जागा. इचिनोहाशी पुलापासून पूर्ण वाट दोन किलोमीटर, दोन लाखांहून जास्त स्मारकं, शेकडो वर्षांचे देवदार. गुडघ्यांसाठी 'ओकुनोइन-माए' थांब्यावर उतरा, तिथून वाट जवळपास निम्मी आणि बऱ्यापैकी सपाट आहे. या बाजूला कंपन्यांची स्मारकं जास्त आहेत. एक रॉकेटच्या आकाराचं आहे. वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने मारलेल्या वाळवीसाठी उभारलेला दगडही आहे. पाच थरांच्या जुन्या स्मारकांवर प्रत्येक थराला एक संस्कृत बीजाक्षर कोरलेलं असतं. लिपी सिद्धम्, आपल्या नागरीची जुनी नातेवाईक. शेवाळ खरवडलेल्या एका दगडावर आईने बोट फिरवलं आणि "हा 'अ' दिसतो" म्हणाली. होताच.

कुकाई मेला नाही, ८३५ पासून ध्यानात बसला आहे अशी इथली श्रद्धा. म्हणून त्याला रोज सकाळी सहा आणि साडेदहाला जेवण जातं. साडेदहाचं आम्ही पाहिलं. दोन भिक्खू खांद्यावर पांढरी लाकडी पेटी घेऊन येतात, पुढे एक वरिष्ठ. जिझो नावाच्या बोधिसत्त्वाच्या छोट्या मूर्तीसमोर थांबून त्याला चव दाखवतात, मग पूल ओलांडून आत. पुलापलीकडे फोटो नाही, टोपी नाही, खाणंपिणं नाही. लोक रेलिंगला चिकटून उभे होते, कोणी कुजबुजतही नव्हतं. आई माझ्या कानाशी म्हणाली, "बाराशे वर्षं डबा पोचवतात. शाळेत आम्हाला खिचडी वेळेवर देता आली नाही." आत हजारो कंदिलांचं दालन आहे, त्यातले दोन नऊशेहून अधिक वर्षं विझलेले नाहीत असं सांगतात. आई दालनाबाहेरच्या बाकावर बसून राहिली. मी आत जाऊन आले.

दुपारी विद्यापीठ. मुख्य चौकापासून चालत दहाएक मिनिटं. तिकीट नाही, पण आधी कार्यालयाच्या खिडकीशी विचारा, वर्ग चालू असतात. मी फोनवर पुतळ्याचा जुना फोटो दाखवला, आतल्या बाई लगेच उठल्या आणि बाहेर येऊन दिशा दाखवून गेल्या. आई सकाळपासून पांढऱ्या साडीत होती. आत दोन थर्मल, वर माझं निळं जॅकेट, पायात लोकरीचे मोजे आणि स्पोर्ट्स शूज. पुतळ्यासमोर तिने जॅकेट काढून माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "अगं थंडी आहे." ती म्हणाली, "दोन मिनिटं लागतील." त्रिशरण, पंचशील, शेवटी जय भीम. आवाज वर्गात लावायची तसाच, मागच्या बाकापर्यंत जाणारा. सायकल घेऊन चाललेला एक विद्यार्थी तिचं होईपर्यंत थांबला, वाकला आणि गेला. नऊ वर्षांचं काम झालं होतं. आईने जॅकेट घातलं आणि चहा कुठे मिळेल ते विचारलं.

९ तारीख रंगांसाठी ठेवली होती. सकाळी लवकर दान्जो गारान गाठा. कुकाईने संकुलाची सुरुवात केली ती हीच जागा. ४८ मीटरहून उंच शेंदरी स्तूप कोन्पोन दाइतो इथे आहे. जुना जळाला, आताची इमारत १९३७ ची. आतले रंगवलेले खांब आणि बुद्धमूर्ती मिळून एक त्रिमितीय मंडल होतं. प्रवेश तेव्हा ५०० येन होता. तिथून कोन्गोबुजीकडे जाणाऱ्या जाबारामिची या छोट्या वाटेवर दोन्ही बाजूंनी मेपल आहेत. त्या वर्षी रंग उशिरा होते, त्यामुळे एकाच झाडावर खाली हिरवं, मध्ये पिवळं, शेंड्याला लाल. फोटोंत दिसतो तसा अख्खा लाल बोगदा आम्हाला मिळाला नाही. मला हे जास्त आवडलं. नऊनंतर बसमधून गट उतरायला लागले आणि वाटेवर रांग झाली.

कोन्गोबुजी हे मुख्य मंदिर, प्रवेश तेव्हा १,००० येन. मागे जपानातली सगळ्यांत मोठी दगडबाग आहे, पांढऱ्या वाळूत १४० ग्रॅनाइटचे दगड, ढगांतून निघालेले दोन ड्रॅगन. लोक तिथे बसून राहतात. आई बसली ती मुदपाकखान्यात. काजळीने काळं झालेलं छत, उंदरांपासून वाचवायला वरून टांगलेली फळी, आणि तीन प्रचंड भाताच्या कढया. तिन्ही मिळून दोन हजार माणसांचा भात एका वेळी होतो. आई दर दसऱ्याला पुलाव घोटणारी. तिने वाकून चुलीचं तोंड पाहिलं, धूर कुठून जातो ते पाहिलं, पाण्याची टाकी किती लांब ते पाहिलं. "ढवळत कशाने असतील?" हा प्रश्न अजून सुटलेला नाही, कोणाला माहीत असेल तर सांगा.

दुपारच्या गाडीने नाम्बाला परतलो. शनिवार होता, केबल कारला खाली जायलाही रांग होती. परतीची आसनं सकाळीच घेऊन ठेवा. पुढे दोन दिवस नारा आणि क्योतो केलं. तिथे मेपल अजून हिरवेच होते, गर्दी मात्र पूर्ण.

खर्च विचारतात म्हणून: दोघींचा मिळून दोन लाखांच्या थोडा वर. त्यात निम्मा विमानाचा. शुकुबोच्या दोन रात्रींचे ३६ हजारांच्या आसपास, ओसाकातल्या रात्रींचे २४ हजार, बाकी गाड्या, प्रवेश, खाणं, विमा, व्हिसा. एकच रात्र वर राहिलात तर बरेच वाचतील, पण मग ओकुनोइन आणि विद्यापीठ एका दिवसात करावं लागेल, आणि ते गुडघ्यांना झेपणार नाही.

विहारातल्या चौघीजणी आता पुढच्या शरदात जायचं म्हणतात. आई त्यांना दर रविवारी वंदनेनंतर व्हिसाचं पान उघडून दाखवते. चौघींपैकी पासपोर्ट एकीकडेच आहे. बाकीच्या तिघींना तिने ट्रंका काढायला लावल्या आहेत.